परतीची मोजणी

सोनेगावच्या विमानतळावर मला निरोप द्यायला सेहेचाळीस माणसं आली होती. विमानात बसली त्याहून कमी. हा आकडा माझा नाही, बाबांचा आहे. ते कुंपणाशी उभे राहून माणसं मोजत होते, कारण बाकीचे सगळे रडण्यात, हार घालण्यात नाहीतर फोटोत येण्यात गुंतले होते.

सदुसष्टचा ऑगस्ट. नागपुरातल्या सक्करदऱ्यातून अमेरिकेला जाणारा मी पहिलाच, त्यामुळे मोहल्ल्यानं माझा ताबा घेतला होता. खरं म्हणजे आगगाडीनं मुंबईला जाऊन पुढचं विमान धरणं सोयीचं होतं. पण आमच्या नगरसेवकांना ते पटलं नाही. आगगाडीनं माणूस इटारसीलाही जातो, ते म्हणाले. मग मला नागपुरातूनच उडवायचं ठरलं. बँडवाल्यांना आत सोडलं नाही, म्हणून ते सायकल स्टँडवरच वाजवत राहिले. नगरसेवकांनी भाषणात विदर्भाची पताका शिकागोवर फडकवायचं काम माझ्याकडे सोपवलं. मी काँक्रीट शिकायला चाललो होतो. लोकरीच्या सुटात घाम पाठीवरून थेट मोज्यांपर्यंत उतरत होता आणि गळ्यात झेंडूचे इतके हार होते की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘परदेशगमन’ या मथळ्याखाली जो फोटो आला, त्यात मी ओळखू येतो तो फक्त चष्म्यावरून.

सगळ्यांचं झाल्यावर बाबा पुढे आले. मी वाकलो. त्यांनी मला उठवलं, माझ्या गळ्यातले हार एकेक करून काढले आणि ताईच्या हातात दिले. मग म्हणाले, “पोचला की आकडे धाडजो. कुठं कितीक वाजता उतरला, कुठून कितीक वाजता उडाला. तिथल्या घड्याळाचे. बाकीचं मी पाहून घेतो.”

बापलेकांचा निरोप एवढाच. विमानाची चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा बाबांनी मनगट वर करून वेळ पाहिली आणि डायरीत टिपली, हे ताईनं पत्रातून कळवलं.

बाबा मोजणीदार होते. तीस वर्षं जमीन मोजायची सरकारी साखळी घेऊन काटोल, सावनेर, उमरेडच्या वावरांतून हिंडले. आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे सुट्टीत ते मला सोबत न्यायचे आणि साखळीचं दुसरं टोक माझ्या हातात द्यायचे. “ताण गा. झोल नको ठेवू,” हे वाक्य मी लहानपणी जितक्या वेळा ऐकलं तितक्या वेळा स्वतःचं नावही ऐकलं नसेल. साखळी सैल धरली की अंतर खोटं येतं आणि खोट्या अंतरावरून दोन भाऊ जन्मभर कोर्टात बसतात, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचे आणखी दोन नियम होते. पहिला असा की कोणतीही रेघ दोनदा मोजायची, एकदा जाताना आणि एकदा येताना. दोन्ही आकडे जुळले तरच कागदावर शाई लागायची. एकदा उमरेडकडच्या एका वावरात, भर मे महिन्यात, दुपारी एकला ते मला पुन्हा पहिल्या दगडाकडे न्यायला निघाले. मी रडकुंडीला येऊन म्हणालो, “एकदा मोजलं ना बाबा. आता काहून?”

“जातानाचं कोणीबी मोजते,” बाबा म्हणाले. “येतानाचं जुळलं तर खरं.”

दुसरा नियम खोडरबराचा. मोजणीच्या कागदावर खोडरबर चालत नाही. चूक झाली तर आकड्यावर एकच रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि वर बरोबर आकडा लिहायचा. माणूस चुकला हे दिसू द्यायचं, म्हणजे लपवलं असं कोणी म्हणणार नाही.

मी गेल्यावर निवृत्त बाबांच्या हाती एकच रेघ उरली होती, आणि तीही पृथ्वीच्या पाठीवरची. ताई महानगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. तिनं शाळेतला पृथ्वीगोल घरी आणला. बाबांनी नागपूर आणि शिकागो यांच्यामध्ये दोरा ताणला, झोल न ठेवता, आणि तो दोरा थेट उत्तर ध्रुवावरून गेला. अंतर आलं आठ हजार मैल. विमानाच्या वेगानं भागून आले पंधरा तास. दोन दिवस सगळा मोहल्ला ‘पंधरा तासांत शिकागो’ असं सांगत फिरला. नगरसेवकांनी तर एका उद्घाटनात ते सांगितलंही. उद्घाटन मुतारीचं होतं, पण त्यांना संदर्भाची गरज कधीच पडली नाही.

मग माझं पत्र पोचलं. मुंबईत अर्धा दिवस थांबलो, कारण धरायचं विमान चुकलं. मग कुवेत, रोम, लंडन, न्यूयॉर्क, शिकागो. बाबांनी प्रत्येक गावाचं घड्याळ आपल्या घड्याळाशी जुळवलं आणि आकडा काढला एकेचाळीस तास. त्यांचा विमानावरचा विश्वासच उडाला. त्यांनी मला लिहिलं, सरळ रेघ असताना विमान एवढ्या आडवाटेनं का जातं? मी कळवलं की मधे रशियाची हद्द लागते, ते वरून जाऊ देत नाहीत. उलटटपाली बाबांचं एका ओळीचं उत्तर आलं: ‘म्हणजे धुऱ्याचं भांडण आहे. समजलो.’ दोन वावरांमधल्या बांधावरून तीस वर्षं शिव्या खाल्लेल्या माणसाला जागतिक राजकारण याहून जास्त समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यांनी ड्रॉइंगच्या जाड कागदावर तक्ता आखला आणि बाहेरच्या खोलीत कॅलेंडरशेजारी टांगला. सहा रकाने होते: पासून, पर्यंत, अंतर, जाणे, येणे, शेरा. ओळ एकच. सोनेगाव, शिकागो, आठ हजार मैल, एकेचाळीस तास. ‘येणे’ कोरं होतं. मोजणी अर्धी होती, म्हणून सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. शाई येतानाचा आकडा जुळल्यावर.

त्यांची पत्रं निळ्या एरोग्रामवर यायची. पाऊस, तूर, ताईच्या शाळेतलं राजकारण, आणि शेवटी सहीच्या वर नेहमी एकच वाक्य: ‘परतीची मोजणी बाकी आहे.’

पहिली एकदोन वर्षं मी ते वाक्य रूममेट्सना वाचून दाखवायचो आणि आम्ही हसायचो. नंतर मी एकटाच वाचायचो. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून पत्राचा शेवट न वाचताच घडी घालायला शिकलो. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे इकडे आले त्यांना पुढची यादी सांगायला नको. आधी थीसिस, मग जॉब, मग जॉब नवा आहे म्हणून सुट्टी नाही, मग सुट्टी आहे पण व्हिसाचं काय, मग कार घेतली, मग लॉयर म्हणाला आता ग्रीन कार्डची फाईल लागली आहे, देशाबाहेर पाऊल टाकू नका. प्रत्येक कारण खरं होतं. सात वर्षं मी एकही खोटं कारण दिलं नाही. खरी कारणं एवढी मुबलक असताना खोट्याची गरज कोणाला?

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत, एका मंगळवारी, दुपारी साडेबाराला ऑफिसात ताईची तार आली. बाबा अत्यवस्थ, लगेच निघ.

ग्रीन कार्डचा इंटरव्ह्यू गुरुवारी होता.

मी तार घडी करून खिशात ठेवली आणि लंचला गेलो. हे लिहायला मला तेरा वर्षं लागली, म्हणून पुन्हा लिहितो. मी लंचला गेलो. सूप घेतलं. त्या संध्याकाळी साडेपाचच्या विमानात जागा होती; मी फोन करून विचारली होती. फोन ठेवला आणि स्वतःला सांगितलं की बाबांना दर थंडीत दम लागतो, ताई लवकर घाबरते, आणि दोन दिवसांनी काय फरक पडतो. लॉयरला फोन केला नाही. पुढे कधीतरी कळलं की अशी तार दाखवली तर तातडीची परवानगी मिळते, अर्ध्या दिवसात. मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर ती मिळाली असती, आणि मग मला जावं लागलं असतं.

गुरुवारी इंटरव्ह्यू उत्तम झाला. समोरच्या अधिकाऱ्यानं विचारलं, इथं कायम राहायचा इरादा आहे का? मी हो म्हणालो. तेव्हा नागपुरात तक्त्यावरचा पहिला आकडा खोडून झाला होता, पण ते मला माहीत नव्हतं. संध्याकाळी साडेपाचला विमान उडालं. आकाश लख्ख होतं, खाली लेक मिशिगन आरशासारखं. स्नोचा कण नव्हता.

सात वर्षांत विमानं मोठी झाली होती, थांबे कमी झाले होते. छत्तीस तासांत, शनिवारी संध्याकाळी पाचला, सोनेगावला उतरलो. ना बँड, ना हार. कुंपणाशी एकच माणूस उभा होता, ताईचा नवरा. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. डोक्याचा नुकताच गोटा केलेला होता. ते पाहिल्यावर विचारण्यासारखं काही उरलं नाही. अग्नी त्यांनी दिला होता.

“सकाळीच उरकलं,” भाऊजी म्हणाले. “लोक थांबेनात गा. तुझी ताई म्हणून राहिली होती, बाबांनी आज पाचचा टाइम सांगून ठेवला, थांबा म्हणून. पण कोण ऐकते.”

मला कळेना की बाबांनी आज पाचची वेळ कुठून सांगितली. ते घरी गेल्यावर ताईनं सांगितलं.

तार मंगळवारी सकाळी दहाला टाकली. बाबांनी पडल्या पडल्या तारेला चौदा तास दिले आणि तिथून एकेचाळीस धरले. गुरुवारी संध्याकाळी पाच. बरोबर मुंबईहून रोज येणाऱ्या एकुलत्या विमानाची वेळ. ‘येणे’च्या रकान्यात ताईकडून एकेचाळीस लिहून घेतले आणि उशाशी घड्याळ ठेवलं. श्वास पुरत नव्हता, पण हिशेब चालूच. आता लंडन सोडलं असंल. आता समुद्र संपला असंल. आता मुंबईले चहा पिऊन राहिला असंल.

गुरुवारी भाऊजी विमानतळावर जाऊन एकटेच परत आले. बाबाच म्हणाले, “एकेचाळीस खोड. पासष्ट लिही. शेऱ्यात लिही, मुंबईचं विमान चुकलं.”

“तुमाले कसं मालूम, चुकलं म्हणून?” ताईनं विचारलं.

“चुकते. जातानाबी चुकलं होतं त्याचं.”

शुक्रवारी दुपारी बारालाच त्यांनी पुन्हा कागद मागितला. विमान यायला अजून पाच तास होते. “पासष्ट खोड. एकोणनव्वद लिही.”

“बाबा, आजचं विमान तर अजून यायचं आहे.”

“लिही तू.”

“शेऱ्यात काय लिहू?”

बाबा म्हणाले, “कोरा ठेव. त्याचं त्याले लिहू दे.”

तीनच्या सुमारास गेले. पाचचं विमान आलं. त्यात मी नव्हतो.

ताईनं हे सगळं न रडता सांगितलं, शाळेत धडा सांगावा तसं. मग भिंतीवरचा तक्ता काढून माझ्यासमोर ठेवला. ‘येणे’च्या रकान्यात एकेचाळीस, वर एक रेघ. पासष्ट, वर एक रेघ. मग एकोणनव्वद. शेऱ्यातली ‘मुंबईचं विमान चुकलं’ ही ओळही रेघ मारून खोडलेली, वाचता येईल अशी. तिच्यापुढे दोन बोटं कोरी जागा.

तारेची आणि विमानाची वेळ धरून मी मनात बेरीज केली. तार माझ्या हातात पडल्यापासून सोनेगावला पाय लागेपर्यंत एकोणनव्वद तास झाले होते. मिनिटाचाही फरक नाही. आयुष्यभर साखळीला बोटभर झोल न देणाऱ्या माणसानं दोन दिवसांत मला अठ्ठेचाळीस तासांचा झोल दिला होता, आणि तोही अचूक मोजून.

ताईनं पेन्सिल पुढे केली. “घे. लिही. काहून उशीर झाला?”

मी पेन्सिल घेतली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: बर्फ.

ताईनं वाचलं. “बरफ,” ती म्हणाली. “बरं.” आणि तक्ता पुन्हा भिंतीवर टांगला. शाई लावली नाही.

तेराव्यानंतर मोहल्ल्यानं शोकसभा घेतली. नगरसेवकांच्या कानावर बर्फ गेलाच होता. त्यांनी सभेला सांगितलं की पित्याच्या ओढीनं हा पुत्र हिमवादळ चिरत आला, निसर्गापुढं मात्र कोणाचं चालत नाही. मला उभं राहून नमस्कार करावा लागला. लोकांनी डोळे पुसले. मी त्या मोहल्ल्यात रांगलो, जेवलो, मार खाल्ला. पण मोहल्ल्यानं माझ्यासाठी रडावं एवढं मोठं काम मी एकच केलं, थाप मारली. ताई शेवटच्या रांगेत बसली होती. ती रडत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

मी परत आलो. ‘परत’ हा शब्द तेव्हा पहिल्यांदा शिकागोसाठी वापरला आणि ते आठवडाभरानं लक्षात आलं. ग्रीन कार्ड आलं, मग पासपोर्ट बदलला, घर झालं, ड्राइव्हवे झाला, त्यावरचा स्नो काढायचं फावडं झालं. आता फोन थेट लागतो. दर रविवारी ताईला करतो. तिचा पहिला प्रश्न ठरलेला: “बरफ आहे काय गा तिकडे?” जानेवारीत विचारते, तसा जुलैतही विचारते. मी जुलैत सांगतो, नाही गं, उन्हाळा आहे. ती म्हणते, “बरं.” मग शाळेचं, भाऊजींच्या गुडघ्याचं बोलणं निघतं. तेरा वर्षांत दुसरं काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला भांडता आलं असतं.

इथल्या आमच्या मंडळानं यंदा स्मरणिका काढायची ठरवली आहे. मला विषय दिला आहे ‘सातासमुद्रापलीकडचं माझं घर’. मुखपृष्ठावर तुळशीवृंदावन आणि शिकागोची उंच इमारत शेजारी शेजारी असणार असं कळतं. अध्यक्ष म्हणाले, थोडं हळवं लिहा, शेवट गोड करा. समुद्र किती ते मी मोजलेले नाहीत. मला आठ हजार मैल माहीत आहेत, दोरा ताणून, आणि त्या दोऱ्यावरून अजून एकही विमान जात नाही.

घराबद्दल मला एवढंच कळलं आहे. आपल्या उशिराची कारणं आपल्याआधी दुसरं कोणी शोधून ठेवतं, ते घर. इथं मी उशिरा आलो तर मशीन कार्डावर वेळ छापतं. त्याला कारण लागत नाही. नागपुरात कारण शोधणारा माणूस होता. तो दोनदा माझ्यासाठी खोटं बोलायला तयार झाला, एकदा मुंबईच्या विमानावर आळ घेऊन आणि एकदा काहीच न लिहून. त्या कोऱ्या जागेत मी बर्फ भरला.

स्मरणिका ताईला पाठवणार आहे. बाकीच्यांनी हा शेवट वाचला नाही तरी चालेल.

ताई, तक्ता भिंतीवरून काढ. ‘बर्फ’वर रेघ मार. एकच मार, खालचं वाचता आलं पाहिजे. वर लिही: विमानाचे छत्तीस तास. बाकीचे त्रेपन्न तास निघालोच नव्हतो.

मग शाई लाव.